वापरानंतरचा अनुभव: ग्लुटेनमुक्त फळांचा केक, वरचा खुसखुशीत चुरा आणि ओटीजीचा न विझणारा दिवा

पावसाळ्यात आमच्या ओटीजीचा, म्हणजे केक भाजायच्या छोट्या विजेच्या भट्टीचा, खालचा रॉड तापेनासा झाला, त्यावरून कंपनीच्या सेवाकेंद्राशी बरेच दिवस वाद चालला आणि त्या निमित्ताने या यंत्राविषयीचे माझे मत दोनदा बदलले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. आमचा ओटीजी अठ्ठावीस लिटरचा, 1500 वॅटचा, वर-खाली तापणारे रॉड असलेला आहे. मी तो जवळजवळ एकाच कामासाठी वापरते: गव्हाचा कणही नसलेला, सुक्या फळांचा, वर खुसखुशीत चुऱ्याचा थर असलेला केक. यंत्राची खरी परीक्षा याच केकमध्ये होते, कारण खालचे जड मिश्रण मंद आचेवर तासभर शिजावे लागते आणि वरचा लोणी-साखरेचा चुरा मात्र थोड्याशा जास्त आचेनेही करपतो.

आमचे गाव वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यात आहे. माझ्या नातीला सिलिॲक, म्हणजे ग्लुटेन न चालण्याचा आतड्यांचा आजार, आहे. रक्ताची टीटीजी तपासणी आणि नंतर लहान आतड्याच्या तुकड्याची तपासणी करून निदान झाले, आणि ग्लुटेन हे प्रथिन असलेले गहू, जव व राय हे तीन धान्य-प्रकार तिच्यासाठी कायमचे बंद झाले. बेकरीतला केक अर्थातच गेला, आणि गावातल्या वाढदिवसांना तिने बाजूला बसून चिवडा खावा हे मला मान्य नव्हते. तयार ग्लुटेनमुक्त केक शहरातून मागवावा तर त्याच्या छोट्या पाकिटाच्या पैशांत घरी दोन मोठे केक होतात. भारतात ज्या पाकिटावर ग्लुटेनमुक्त असे लिहायचे असेल, त्यातील ग्लुटेन एका किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. हा आकडा किती लहान आहे हे लक्षात घेतले, की मैदा उडत असलेल्या बेकरीच्या भट्टीत ज्वारीचा केक भाजून घेण्याचा विचार आपोआप सुटतो. ओटीजी विकत घेण्याचे कारण एवढेच होते. त्यात आजवर गव्हाची एकही वस्तू गेलेली नाही आणि जाणार नाही.

पिठाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. ज्वारी आमच्या घरची आहे, परंतु ज्या चक्कीवर गावभराचे गव्हाचे दळण चालते तिथे आपली ज्वारी नेऊन दळून आणली, तर पात्यात व पाळीत राहिलेले गव्हाचे पीठ तिच्यात उतरते. आधी थोडे तांदूळ टाकून चक्की साफ करून देण्याची तयारी चक्कीवाल्यांनी दाखवली होती, तरी मला त्यावर विसंबायचे नव्हते. एका केकला ज्वारीचे पीठ 100 ग्रॅम, तांदळाचे 60 ग्रॅम आणि साबुदाण्याचे 40 ग्रॅम लागते, आणि एवढे पीठ घरच्या मिक्सरच्या लहान भांड्यात दळून बारीक चाळणीने चाळता येते. त्यासाठी चाळणी मात्र नवीन घ्यावी, जुन्या चाळणीच्या जाळीत कणीक अडकलेली असते. बेकिंग पावडरच्या डब्यावरचे घटकही वाचून घ्यावेत, कारण काही पावडरींत गव्हाचा स्टार्च असतो.

आता मूळ मुद्दा. या ओटीजीला समोर एक लाल दिवा आहे. टायमर फिरवला की तो लागतो आणि टायमरची घंटी वाजेपर्यंत तसाच लागलेला राहतो. भट्टी ठरवलेल्या तापमानाला पोहोचली, थर्मोस्टॅटने, म्हणजे तापमान राखणाऱ्या कळीने, रॉडचा प्रवाह तोडला, पुन्हा जोडला, यांपैकी कशाचीही खूण त्या दिव्यावर दिसत नाही. ज्या यंत्राचे सगळे काम ठराविक तापमानावर अवलंबून आहे, त्या यंत्राने ते तापमान आले की नाही हे सांगू नये, हा माझ्या मते या वस्तूचा सर्वांत मोठा दोष आहे. खरेदीच्या वेळी मी काच, जाळ्या आणि ट्रे पाहिले. दिवा कोणत्या तारेवर आहे हे विचारावे लागते, असे दुकानदारानेही सुचवले नाही.

माहितीपुस्तिकेत लिहिले आहे की दहा मिनिटे भट्टी तापवून मग केक आत ठेवावा. त्याप्रमाणे केले, आणि सुरुवातीच्या केकांचा वरचा चुरा काळपट होत असे व मध्यभागी सुरी घातली तर ओले मिश्रण चिकटून येई. काही वेळा केक फुगलेला दिसे आणि बाहेर काढल्यावर मध्ये खचे. मैद्याच्या केकला ग्लुटेनची जाळी धरून ठेवते. आमच्या केकला आधार असतो तो अंड्यातील प्रथिनांचा आणि शिजून घट्ट झालेल्या स्टार्चचा. हा स्टार्च साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे नीट शिजतो, आणि आतला भाग तिथपर्यंत पोहोचण्याआधी भट्टीचे दार उघडले किंवा केक बाहेर काढला, तर त्याला उभे राहायला काहीच उरत नाही. त्या काळात माझे मत असे झाले होते की तापमानाच्या बटणावरचे आकडे खोटे आहेत आणि कंपनीने थर्मोस्टॅट निकृष्ट बसवला आहे. तसे मी दोन-तीन ओळखीच्या घरी सांगितलेही होते.

हे मत बदलण्याचे पहिले कारण म्हणजे भट्टीत ठेवायचा साधा तापमापक. तो मधल्या जाळीवर ठेवून पाहिल्यावर दिसले की दुपारी बटण 170 वर असताना काटा त्याच्या आसपासच फिरतो. सायंकाळी मात्र तोच काटा दहा मिनिटांत 120 च्या पुढे जात नव्हता. यंत्र तेच, बटण तेच, फरक फक्त वेळेचा होता. पुढे रॉड बंद पडला आणि तो बदलायला जो तरुण मेकॅनिक आला, त्याने व्होल्टेज मोजून एका वाक्यात उलगडा केला: “काकू, थर्मोस्टॅट बराबर हाये, पन सांजच्याला तुमच्याकडं होल्टेजच पुरत नाही, तं भट्टी तापन कशी?”

त्याच्या मीटरवर 180 व्होल्ट दिसत होते. रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात बदलते. म्हणजे 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर 1500 वॅटचा ओटीजी साधारण 920 वॅटचाच उरतो. अशा भट्टीला दहा मिनिटे अजिबात पुरत नाहीत. केक अर्धवट तापलेल्या भट्टीत गेला, की थर्मोस्टॅट रॉड बंदच करत नाही. वरचा लाल झालेला रॉड जवळून चुऱ्याला सतत भाजत राहतो आणि आतले मिश्रण मात्र अजून कोमटच असते. वरून करपलेला व आतून कच्चा केक येण्याचे कारण हे होते. आकडे खोटे नव्हते, थर्मोस्टॅटही वाईट नव्हता. म्हणूनच दिव्याविषयीचा माझा राग अधिक वाढला, कारण तो दिवा थर्मोस्टॅटबरोबर विझणारा असता तर हा सगळा प्रकार पहिल्याच संध्याकाळी ध्यानात आला असता. कमी व्होल्टेज ही एकट्या आमच्या गावाची गोष्ट नाही, आणि विदर्भातल्या खेड्यांत माल विकणाऱ्या कंपनीने पुस्तिकेत दहा मिनिटे असे ठामपणे छापणे योग्य नाही.

रॉडच्या भांडणाबद्दल. वॉरंटीचे वर्ष संपले नव्हते, तरी सेवाकेंद्रातून उत्तर मिळाले की आमच्या पिनकोडवर घरी येण्याची सोय नाही, यंत्र स्वखर्चाने शहरात आणावे. विकताना याच पिनकोडवर घरपोच दिले होते, हे त्यांना वारंवार सांगूनही उपयोग झाला नाही. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येते आणि बिलाचा फोटो मागतात. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, कंपनीच्या शहरात जावे लागत नाही, हेही मी सेवाकेंद्राला लेखी कळवले. त्यानंतर फोन आला, मेकॅनिक आला, रॉड फुकट बदलला गेला. बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवावे. आमच्याकडे ते पासबुकात होते, म्हणून वेळेवर सापडले.

आता मी केक दुपारीच करते. ओटीजी 16 अँपिअरच्या पॉवर प्लगवरच लावलेला आहे, साध्या एक्स्टेन्शनवर नाही. स्टॅबिलायझर घ्यावा असे एकाने सुचवले, परंतु एवढा भार पेलणाऱ्या स्टॅबिलायझरची किंमत ओटीजीच्या जवळपास जाते आणि दुपारची वेळ फुकट मिळते, म्हणून तो विचार सोडून दिला. तापमापकाचा काटा 165 वर स्थिर झाल्याशिवाय केक आत जात नाही. पहिली चाळीस मिनिटे फक्त खालचा रॉड, नंतर शेवटची वीस मिनिटे दोन्ही. सात इंची टिनला एवढा वेळ बरोबर होतो आणि वीज दोन युनिटांच्या आत बसते.

चुऱ्याविषयी लिहिताना मला खरोखर आनंद होतो, कारण या केकमध्ये ग्लुटेन नसल्याने फायदा होणारा तो एकमेव भाग आहे. मैद्याचा चुरा जास्त मळला की कडक होतो. ज्वारीच्या पिठात ती भीतीच नाही. ज्वारीचे पीठ 60 ग्रॅम, साखर 40 ग्रॅम, थंड लोणी 40 ग्रॅम आणि भाजून जाडसर कुटलेले मूठभर शेंगदाणे बोटांच्या टोकांनी एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवावे. साखरेऐवजी गूळ घातला तर चव उत्तम येते, परंतु गूळ लवकर करपतो, त्यामुळे आमच्या वरच्या रॉडखाली तो टिकत नाही.

चुरा कधी पेरायचा, हा प्रश्न मला बराच काळ छळत होता. मिश्रण पातळ असले तर चुरा तळाशी जातो, म्हणून अर्धवट भाजल्यावर दार उघडून तो पेरण्याची पद्धत सांगितली जाते. दार उघडले की भट्टी थंड होते आणि कमी व्होल्टेजवर ती पुन्हा लवकर तापत नाही. तेवढ्यात केक खचतो. यावर उपाय इसबगोलाचा निघाला. पिठात एक चमचा इसबगोल मिसळून मिश्रण अर्धा तास झाकून ठेवले, की ते इतके दाटते की चुरा सुरुवातीलाच वर पसरता येतो, तो बुडत नाही आणि आतली फळेही तळाला बसत नाहीत. ग्लुटेनमुक्त केक बांधून ठेवायला वापरतात तो झँथन गम तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही. इसबगोल औषधाच्या प्रत्येक दुकानात असतो आणि स्वस्त असतो. त्याने केक दुसऱ्या दिवशीही भुगा न होता कापला जातो.

फळांमध्ये मनुका, खजूर आणि टूटी-फ्रुटी असते. टूटी-फ्रुटी कच्च्या पपईची असल्याने तिच्यात गव्हाचा प्रश्न नाही, तरी सुटी घेऊ नये. दुकानात तिच्या शेजारी रवा उघडा असतो. चंद्रपूरकडच्या नातेवाइकांनी वाळलेली मोहफुले पाठवली होती, ती आतले केसर काढून, धुऊन, मनुकांच्या जागी घातली, आणि त्या केकला जो वास आला तो मला मनुकांपेक्षा आवडला. फळे भिजवायला संत्र्याचा रस वापरते. आंबिया बहाराची (बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम) संत्री दिवाळीच्या सुमारास येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यामुळे बराच काळ रसाची चिंता नसते. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला किंवा तापवला की कडवट होतो, म्हणून बिया न चिरडता रस काढावा, लगेच फळांवर ओतावा आणि उकळू नये. साल किसताना फक्त नारिंगी भाग घ्यावा. आतला पांढरा भाग कडूपणा देतो.

हाच ओटीजी पुन्हा घ्याल का, असे शेजारच्या ताईंनी विचारले तेव्हा मी हो म्हटले, परंतु त्याच किमतीत थर्मोस्टॅटबरोबर विझणारा दिवा असलेला मिळाला तर तो घ्यावा, हेही सांगितले. दुकानात तपासणे सोपे आहे: बटण 100 वर ठेवून यंत्र रिकामे तापवायला सांगावे आणि काही मिनिटांनी दिवा विझतो का ते पाहावे. दुकानदार कुरकुर करेल, तरी आग्रह सोडू नये. कंपनीला मी दोन सूचना पोस्टाने पाठवल्या आहेत, एक दिव्याची तार बदलण्याविषयी आणि दुसरी पुस्तिकेत दहा मिनिटांऐवजी तापमापकाचा उल्लेख करण्याविषयी. उत्तर अजून आलेले नाही. आले तर याच लेखात खाली जोडेन.