पेट्रोलिंगवाल्यांसाठी चार दिवसाचं सेफ्टी ट्रेनिंग, खिशातून पैसे भरून केलं, त्याचा रिव्ह्यू

मी बीड जिल्ह्यात हवालदार आहे, सध्या ११२ नंबरच्या तातडीच्या कॉलवर जाणाऱ्या गाडीवर. पंधरा वर्षं सर्व्हिस झाली. मागच्या महिन्यात रजा टाकून संभाजीनगरच्या बाहेर एका खाजगी संस्थेत पोलीस पेट्रोलिंगचा सेफ्टी आणि सर्व्हायव्हल कोर्स करून आलो. चार दिवस, फी साडेतीन हजार, जेवण-राहणं त्यातच. शिकवणारे दोघं, एक आर्मीतले रिटायर सुभेदार साहेब आणि एक रिटायर पीआय (पोलीस निरीक्षक) साहेब. आमच्या बॅचला बावीस जण होते, त्यात चार लेडीज कॉन्स्टेबल. जालना, परभणी, लातूरची पोरं पण होती. संस्थेचं नाव टाकत नाही, चांगलं-वाईट दोन्ही मोकळेपणानं लिहायचंय म्हणून.

आधी का गेलो ते सांगतो. मागच्या सीझनला डिसेंबरात रात्री दीडच्या सुमाराला एमडीटीवर, म्हणजे गाडीतल्या कॉल दाखवणाऱ्या स्क्रीनवर, कॉल पडला, ऊसतोडीच्या टोळीत भांडण. आपल्याकडं नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात, म्हणजे ते हत्यार प्रत्येक खोपीत असणारच हे काय नवीन नाही. उचलीच्या, म्हणजे सीझनआधी घेतलेल्या आगाऊ पैशावरून दोघांत लागलं होतं. मी गाडीतून उतरलो अन् सरळ त्यातल्या एका माणसासमोर जाऊन उभा राहिलो, पाठीमागं आमच्याच बोलेरोचे हेडलाईट चालू, म्हणजे त्याला मी पूर्ण दिसायलो, बॅटरी माझ्या उजव्या हातात अन् लाठी गाडीत. त्यानं कोयता उचलला तेव्हा माझ्या ड्रायव्हरनं मागून कॉलर धरून ओढलं म्हणून ते पातं छातीसमोरून गेलं. नंतर तो माणूस रडायला लागला, पाया पडला, सगळं शांत झालं. घरी येऊन बायकोला काही बोललो नाही पण झोप आली नाही. पंधरा वर्षांत आपल्याला परेड शिकवली, लाठी शिकवली, फायरिंग झालं, कायदा पाठ केला, पण कॉलवर गेल्यावर नेमकं कुठं उभं राहायचं याची प्रॅक्टिस कुणी करून घेतली नव्हती हे त्या रात्री कळलं.

तर या कोर्सचं पहिलं मोठं काम म्हणजे हे उभं राहणंच. पहिला अख्खा दिवस त्यातच गेला अन् माझ्या मते पैसे तिथंच वसूल झाले. सुभेदार साहेबांनी जमिनीवर चुन्यानं रेघ मारली, तिथून २१ फुटांवर दुसरी. एका रेघेवर मी, कमरेला रबरी पिस्तूल, दुसऱ्या रेघेवर लातूरचा एक पोरगा, हातात लाल मार्कर, तोच चाकू समजायचा. शिट्टी वाजली की त्यानं पळत यायचं अन् मी पिस्तूल काढायचं. मी नीट तयारीत होतो, तो येणार हे माहीत होतं, तरी होल्स्टरचं बटण उघडून नळी वर येईस्तोवर माझ्या शर्टावर पोटापासून खांद्यापर्यंत तीन लाल रेघा. बावीसपैकी दोघंच जण वेळेत काढू शकले. मग साहेबांनी सांगितलं की हे १९८३ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस खात्यातल्या डेनिस ट्युलर यांनी मोजून लिहून ठेवलंय, साधारण माणूस २१ फूट दीड सेकंदात पार करतो आणि तेवढाच वेळ पिस्तूल काढून दोन गोळ्या मारायला लागतो. आता आपल्यातल्या निम्म्या लोकांकडं गस्तीवर पिस्तूल पण नसतं, लाठी असते फार तर. म्हणून नंतर दिवसभर एकच घोकून घेतलं, अंतर ठेवा, मध्ये काहीतरी ठेवा, गाडी ठेवा, बाज ठेवा, मोटारसायकल ठेवा, अन् सरळ मागं पळू नका, आडवं सरका. सरळ मागं गेलं की दहा पावलांत माणूस पडतो, हे तिथं प्रत्येकानं पडून बघितलं. बॅटरी डाव्या हातात, उजवा हात मोकळा. अन् तोंडाकडं बघण्याआधी समोरच्याचे हात बघा, हात दिसत नसतील तर आधी हात दाखवायला लावा.

दुसरी गोष्ट जी मला लई आवडली ती जोडीदाराची. आपल्याकडं दोघं गेले की दोघंपण बोलायला लागतात, दोघंपण लायसन बघतात, किंवा एक जण मोबाईलवर. इथं शिकवलं की एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं गप्प बाजूला तिरकं उभं राहून फक्त बघायचं, त्यानं कागद हातात घ्यायचा नाही, वादात पडायचं नाही. ही पद्धत १९८४ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका पार्कात दोन पोलीस मारले गेले त्यानंतर तिकडं पक्की झाली. त्याआधी १९७० मध्ये कॅलिफोर्नियात न्यूहॉलला एका गाडी तपासणीत हायवे पेट्रोलचे चार जण गेले, त्यानंतर तिकडच्या ट्रेनिंगमध्ये मोठा बदल झाला, ते पण सांगितलं. पण खरं सांगू का, वर्ग एकदम शांत झाला तो पीआय साहेबांनी गिरगाव चौपाटीची नाकाबंदी फळ्यावर काढली तेव्हा. २६ नोव्हेंबर २००८ ची ती रात्र, अतिरेक्यांची गाडी बॅरिकेडच्या अलीकडंच थांबली, आणि सहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे साहेब हातात फक्त लाठी असताना कसाबच्या एके-४७ ची नळी धरून राहिले. त्यांना अशोक चक्र मिळालं हे सगळ्यांना माहीत आहे. साहेब म्हणले, "त्यांचं नाव घेताना आपण छाती फुगवतो ते बरोबरच आहे, पण आपल्या नाकाबंदीवर परत कुणाला तशी नळी धरायची वेळ येऊ नये यासाठी काय करायचं, ते आज शिकू." मग बॅरिकेड कसे लावायचे, एक डावीकडं एक उजवीकडं असे की गाडीला नागमोडी यावं लागेल, तपासणारा कुठं, कव्हरवाला (बाजूला उभा राहून फक्त बघणारा जोडीदार) कुठं, आपली गाडी कोणत्या तोंडानं, अन् जी गाडी आधीच थांबते किंवा वळायला बघते तिच्यावर कव्हरवाल्याचं लक्ष कसं पाहिजे, हे सगळं मैदानावर खऱ्या गाड्या लावून करून घेतलं. गाडीच्या दारामागं माणूस दिसत नाही पण गोळी दारातून आरपार येते, लपायचं तर इंजिन आणि पुढच्या चाकाच्या आडोशाला, हे मला खरंच माहीत नव्हतं.

आपल्या भागात गोळीपेक्षा जास्त भीती गाडीचीच आहे, हे पण त्यांनी मानलं आणि वेळ दिला. वाळूचा हायवा, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यावाला ट्रॅक्टर ज्याला मागं रिफ्लेक्टर नसतो, आणि आता समृद्धीवर तर स्पीड बघायलाच नको. ताशी ८० नं येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर येते. आपण हात वर करून रोडच्या मधोमध उभं राहतो अन् वाटतं की तो थांबंल. साहेबांनी स्पष्ट सांगितलं की गाडीसमोर उभं राहून गाडी थांबवायची नाही, कधीच नाही, पळाली तर पळू द्या, नंबर घ्या, पुढच्या पॉइंटला कळवा, वाळू परत पकडता येते. रिफ्लेक्टर जॅकेट पावसाळी गाठोड्यात ठेवायची वस्तू नाही.

इथंच एक चूक पण झाली त्यांची. गाडी तपासायचे व्हिडिओ सगळे अमेरिकेचे, तिकडं ड्रायव्हर डावीकडं बसतो अन् गाड्या उजव्या बाजूनं चालतात. व्हिडिओ बघून लगेच मैदानात सोडलं तर अर्धी बॅच चुकीच्या बाजूनं गेली, जालन्याची एक ताई तर ट्रॅफिक येतं त्या बाजूला पाठ करून उभी राहिली. तिनंच नंतर विचारलं की साहेब आपल्याकडं हे उलटं होणार ना. मग त्यांनी मान्य केलं आणि परत करून घेतलं, आपल्याकडं शक्यतो डावीकडून, क्लीनरच्या बाजूनं जायचं, म्हणजे चालू रोड आणि आपल्यामध्ये ती गाडी राहते. पण साडेतीन हजार घेता तर आपल्या रोडवरचे चार व्हिडिओ बनवायला पाहिजेत, ही माझी खरी तक्रार आहे. स्लाईड पण सगळ्या इंग्लिशमध्ये.

घरगुती भांडणाचा भाग छान झाला. दार वाजवून दारासमोर उभं राहू नका, भिंतीच्या बाजूला व्हा. नवरा-बायकोला वेगळं करायचं तर स्वयंपाकघरात कुणालाच नेऊ नका, विळी, सुरी, उकळता चहा, सगळं तिथंच हाताशी असतं. बायकोच्या बाजूनं बोललं तरी तीच अंगावर येऊ शकते, राग धरू नका.

फर्स्ट एडला मात्र फक्त अर्धा दिवस दिला आणि सीपीआरची बाहुली एकच. बावीस जणांत माझ्या वाट्याला दोन मिनिटं आली. ३० वेळा छाती दाबायची, दोन श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, निदान पाच सेंटिमीटर खोल, हे तोंडपाठ झालं पण हाताला बसलं नाही. ॲक्सिडेंटला पहिले आपणच पोचतो, ॲम्ब्युलन्स नंतर, याला एक पूर्ण दिवस पाहिजे. रक्त थांबवायला टूर्निकेट, म्हणजे आवळून बांधायची पट्टी, बांधायचं दाखवलं, जखमेच्या वर चार बोटं सोडून, सांध्यावर नाही, अन् बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. परभणीचा एक दादा लगेच म्हणला, म्हणजे साप चावल्यावर बांधतो तसंच. साहेबांनी तिथं थांबवलं ते लई बरं केलं. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, माणसाला न हलवता, पाय फळीला सैल बांधून थेट लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. मण्यार चावलेलं तर रात्री झोपेत कळत पण नाही. शेतातल्या कॉलवर अंधारात आपणच पुढं असतो, हे प्रत्येकाला माहीत पाहिजे.

कायद्याचा तास ठीक होता, सरकारी नोकरावर ड्युटीत हल्ल्याचं जुनं आयपीसीचं ३५३ आता बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता) १३२ झालं, स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४, पण धावतं झालं. शेवटच्या रात्रीची अंधारातली प्रॅक्टिस पावसामुळं रद्द केली, बदली दिवस दिला नाही. आपली निम्मी ड्युटी रात्रीची, तीच प्रॅक्टिस गेली याचं वाईट वाटतं. लेडीजसाठी टॉयलेट एकच अन् ते पण मैदानापासून लांब, बूट-बेल्ट घालून त्या ताया पाच मिनिटं चालत जायच्या, हे संस्थेनं आधी नीट करावं. जेवण चांगलं, ज्वारीच्या भाकरी गरम मिळायच्या.

शेवटच्या दिवशी घाबरल्यावर शरीराचं काय होतं ते सांगितलं, नजर नळीसारखी बारीक होते, आजूबाजूचा आवाज येत नाही, बोटं ऐकत नाहीत. मला डिसेंबरची ती रात्र आठवली, ड्रायव्हर मागून ओरडायला होता म्हणे, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मला वाटायचं मी भित्रा आहे. तिथं बावीसपैकी आठ-नऊ जणांनी हात वर केले की आमचं पण असंच झालं होतं. त्यावर चार सेकंद श्वास आत, चार धरायचा, चार सोडायचा, चार थांबायचं, हे गाडीतच कॉलवर जाताना करायला शिकवलं. मी रोज करतो आता.

माझं मत, पाचपैकी चार. हे खरं तर खात्यानं ड्युटीचा भाग म्हणून दर वर्षी दोन दिवस द्यायला पाहिजे, रजा टाकून अन् पदरचे पैसे भरून का जावं लागावं. पण तोपर्यंत जमेल त्यानं जाऊन या, जोडीदाराला सोबत घेऊन जा, एकटं शिकून अर्धाच फायदा होतो.

आल्यावर चौथ्या दिवशी गेवराईकडं नाकाबंदी लागली. सोबत भरती होऊन दीड वर्ष झालेलं पोरगं, रोडच्या मध्ये जाऊन उभं. त्याला बाजूला घेतलं, बॅरिकेड हलवले, त्याची बॅटरी उजव्या हातातून काढून डाव्यात दिली अन् म्हणलं तू काही बोलू नको, माझ्याकडं पण बघू नको, फक्त गाडीतल्या लोकांचे हात बघ. रात्रभर त्यानं तेच केलं.

जाणार असाल तर जुना शर्ट न्या, मार्करचा रंग निघत नाही. माझ्या शर्टावरच्या तीन रेघा बायकोनं धुताना बघितल्या, तेव्हा तिला डिसेंबरचं सगळं सांगितलं.