डोंगर आणि खाजनाच्या नकाशासाठी: मोफत उपग्रह डेटा की ड्रोन मोजणी?

गोव्यातल्या एखाद्या पंचायतीने किंवा ग्रामसभेच्या समितीने गावचा नकाशा करायला घेतला की पहिली चर्चा सॉफ्टवेअरची होते. त्यात फार वेळ घालवू नये. क्यूजीआयएस फुकट आहे आणि गावापुरते काम ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर होते. आर्कजीआयएस प्रो फक्त विंडोजवर चालते आणि त्याच्या लायसन्सचे पैसे मोजावे लागतात. ते आधीपासून वापरात आहे अशा कार्यालयाने तेच चालू ठेवावे, बाकीच्यांनी क्यूजीआयएस घेऊन वाचलेला पैसा मोजणीवर लावावा. नकाशा किती विश्वासाचा, हे उंचीच्या डेटावर ठरते.

आधी डोंगर. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये २५ टक्क्यांहून जास्त उतार बांधकामाबाहेर ठेवले आहेत. एसआरटीएम किंवा इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावरचा कार्टोडेम हा उपग्रह-अवकाशयानांतून मोजलेल्या उंचीचा डेटा मोफत मिळतो, पण त्याचा एक पिक्सेल साधारण ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटरचा. घराचा अख्खा प्लॉट त्यात मावतो. समजा सड्याची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठाराची, कड १२ मीटर अंतरात ८ मीटर खाली उतरते. प्रत्यक्ष उतार ६७ टक्के झाला. सॉफ्टवेअर मात्र दोन्ही बाजूंचे पिक्सेल धरून ६० मीटरवर हिशेब करते. वर-खाली सपाटी असेल तर नकाशात जेमतेम १३ टक्के उरतात आणि तोडायला नको तो उतार 'बांधकामयोग्य' रंगात दिसतो. म्हणून हा डेटा कुठे मोजणी करायची ते ठरवायला वापरावा. एखाद्या सर्व्हे नंबरचा निकाल त्यावर लावणे अन्यायाचे आहे, मालकावरही आणि डोंगरावरही.

क्यूजीआयएसमध्ये उतार काढताना दोन चुका हमखास होतात. डेटा अक्षांश-रेखांशात (सॉफ्टवेअरमधला कोड ईपीएसजी ४३२६) असतो. आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये राहिली की सगळा गाव कड्यासारखा उभा दिसतो. आधी तो ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे अंतर मीटरमध्ये धरणाऱ्या यूटीएम ४३ उत्तरमध्ये बदलून घ्यावा. दुसरी चूक लपून राहते, म्हणून जास्त घातक. 'स्लोप' साधन मुळात अंशांत उत्तर देते. २५ टक्के म्हणजे सुमारे १४ अंश, तर २५ अंश म्हणजे जवळपास ४७ टक्के. टक्केवारीच्या चौकटीवर खूण न करता २५ची मर्यादा लावली, तर १४ ते २५ अंशांमधला सगळा डोंगर नियमातून निसटतो.

ड्रोनने १०० मीटरच्या आसपास उंचीवरून फोटो घेतले तर पिक्सेल ३ ते ५ सेंटिमीटरचा मिळतो. उघड्या सड्यावर हे उत्तम. काजूच्या बागायतीत मात्र फोटोंना जमीन दिसतच नाही, झाडांचे शेंडे मोजले जातात. तिथे लायडार (लेझरने मोजणी) असलेला ड्रोन हवा, नाहीतर टोटल स्टेशन हे मोजणीयंत्र घेऊन माणसानेच उतारावर फिरावे. एसआरटीएमलाही झाडीची हीच अडचण आहे. उड्डाणाआधी 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघावा: दाबोळी आणि मोपा विमानतळांच्या आसपास परवानगीशिवाय उडवता येत नाही.

खाजनात तुलनेला जागाच नाही. भरती-ओहोटीतला फरक मोठ्या भरतीलाही सुमारे दोन मीटर, शेत त्या भरतीच्या पातळीखाली, आणि बांध व मानशीच्या (पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दाराच्या) जोरावर कोरडे. मोफत डेटातली उंचीची चूकच कित्येक मीटरची असते. बांध कुठे खचला, भराव टाकल्यावर पाणी कुठल्या शेतात वळेल, हे त्यातून कळणे शक्य नाही. ड्रोन पीक कापल्यावर आणि ओहोटीला उडवावा, कारण साचलेल्या पाण्यावर फोटो एकमेकांशी जुळत नाहीत. पाण्याखालची पातळी आणि मानशीचा उंबरठा हाताने मोजावा.

इथे आणखी एक मोठा घोळ होतो. जीपीएसची उंची समुद्रसपाटीपासून नसते, पृथ्वीच्या गणिती आकारापासून असते. गोव्यात या दोहोंतला फरक ६० मीटरांहून जास्त आहे. खाजनाची उंची उणे साठ-पासष्ट दिसली तर घाबरू नये, पण तो आकडा तसाच वापरूही नये. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कला, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवून दिलेल्या खुणेला, जोडून घ्यावा.

सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) भरतीरेषा मात्र आपल्या ड्रोनवरून काढू नये. मंजूर नकाशातलीच ग्राह्य धरतात. १:२५,००० च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर, त्यामुळे त्याची पीडीएफ सर्व्हे प्लॅनवर ताणून बसवू नये. १:४,००० चा नकाशा किंवा मूळ फाइल मागावी.

पैसे बेताचे असतील तर अख्खा गाव उडवू नका. मोफत डेटावर १५ टक्क्यांपुढचे उतार आणि सड्यांच्या कडा हेरा, त्यात सगळी खाजने मिळवा आणि तेवढ्याचीच ऑर्डर द्या. ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा: झाडे-घरे वगळलेले जमिनीचे मॉडेल, मूळ फोटो, मॉडेल ज्यांवर बसवले त्या जमिनीवरच्या खुणांची यादी आणि त्यांखेरीज वेगळ्या तपासणी बिंदूंवर आलेली चूक. हा शेवटचा तपशील मिळेपर्यंत बिल चुकते करू नका.