६५० रुपयांची मॅक्रो लेन्स : सोलापुरात पास, आंबोलीत काठावर

टॉवेल-चादरीच्या डिझाईनचं माझं काम. एका इंचात धागे किती, हे काचेतून मोजण्यात तीस वर्षं गेली. त्यामुळे नवी पेठेत मोबाईलला चिमट्यानं लावायची लेन्स दिसली आणि राहवलं नाही.

पहिली परीक्षा दारातल्या उंबराची. उंबराची फुलं फळाच्या पोटातच असतात. परागकण घेऊन येणारी चिमुकली माशी तोंडाच्या भोकातून आत घुसते. फळ चिरलं. एरवी चिलट म्हणून झटकलं असतं, त्याचे पंख, मिशा लख्ख दिसल्या. बायकोनं त्या दिवसापासून उंबर खायचं सोडलं.

जुलैत आंबोलीला गेलो. आपल्याकडे वर्षभरात जेमतेम ६० सेंटिमीटर पाऊस. तिकडे तेवढा पंधरवड्यात सहज पडतो. बरोबरचे लोक गवा शोधत होते, मी वीतभर सालीपाशी तासभर उभा. शेवाळ, त्यात नखाएवढं नेचं, दगडफुलाचे करडे ठिपके, आमरीची (ऑर्किडची) मुळं, मधून मुंग्यांची वर्दळ. शेवाळ, नेचं, आमरी झाडाचं काही खात नाहीत. उजेडाला जवळ म्हणून अंगावर चढून बसलेली बिऱ्हाडं.

खरी वसुली झाली कुजक्या पानाखाली. पांढऱ्या बुरशीचं जाळं, आमच्या मागावर बसणार नाही इतकं बारीक सूत! उष्ण-दमट हवेत पान झपाट्यानं कुजतं, त्यातलं सत्त्व मुळं लगेच उचलतात. म्हणजे अशा जंगलाची पुंजी बरीचशी झाडांतच, मातीत थोडी. झाडं तोडली की उरलेलंही पाऊस धुऊन नेतो. आमच्या काळ्या रानाची सवय असलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

आता तक्रारी. कव्हर असलेल्या फोनवर चिमटा घसरतो. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला. वस्तू दोन बोटांवर असली तरच फोटो स्पष्ट, वारा आला की गेला. आंबोलीचा तो छोटा भेक, म्हणजे बेडकाचाच भाऊबंद, २००९ मध्ये वेगळी जात म्हणून नोंदवलेला, मला बघायचाच होता. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दिसलाही. पण जिवंत प्राण्याच्या नाकाशी फोन कोण नेणार? लांबूनच बघितला, लेन्स खिशात. आणि काचेवर वाफ! दर पाच मिनिटांनी बनियनला पुसायची.

पाचपैकी साडेतीन. अर्धा कापला चिमट्याचा, एक वाफेचा.