तयार मजले की मोकळा भूखंड? घोडबंदर पट्ट्यातल्या शंभर खाटांच्या रुग्णालयासाठी

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर मानपाड्यापासून गायमुखपर्यंत टॉवर उठतायत आणि त्यांच्या पायथ्याशी रस्त्याकडेचे दोन-तीन व्यापारी मजले ग्राहकाची वाट बघत असतात. त्यामुळे या पट्ट्यात रुग्णालय काढायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: बांधत कशाला बसताय, मजले घ्या आणि आतलं काम सुरू करा. आम्ही दोन्ही पर्याय कागदावर शेवटपर्यंत नेले आणि भूखंडाकडे वळलो. प्रत्येकाने तसंच करावं असं म्हणणं नाही, पण कुठे काय अडतं ते सांगतो. परवानग्यांची यादी आणि चटईक्षेत्राचा हिशेब वाचणाऱ्याला ठाऊक आहे असं धरतो.

आधी गरजेचा अंदाज. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने हजार लोकसंख्येमागे दोन खाटांचं उद्दिष्ट ठेवलं. म्हणजे चार-पाच मोठ्या संकुलांची मिळून पन्नास हजार वस्ती झाली की शंभर खाटा. मात्र नव्या वस्तीतली माणसं तरुण असतात. पहिली काही वर्षं बाळंतपणं, नवजात बालकं, पावसाळ्यातला डेंग्यू-लेप्टो आणि हायवेवरचे अपघात, हेच मुख्य काम. हृदयशस्त्रक्रिया, एमआरआय वगैरे नंतर आलं तरी चालतं. शंभर खाटा पहिल्या दिवशी लागत नाहीत, हा मुद्दा निवडीत फार मोलाचा ठरतो.

तयार मजल्यांचा मोठा गुण म्हणजे वेळ. सगळं जुळलं तर साधारण वर्षभरात ओपीडी सुरू होते. भूखंडावर तीन वर्षं धरा, पाया अवघड निघाला तर जास्त. स्लॅबच्या ताकदीची भीती घालणारेही भेटतील. ती बहुधा अनाठायी असते. आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार वॉर्डसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलो वजन) आणि ऑपरेशन थिएटर व एक्स-रे खोलीसाठी ३ किलोन्यूटन भार धरतात, तर दुकानांसाठी ४. दुकानांसाठी बांधलेला मजला वॉर्डचं वजन सहज पेलतो. खरा प्रश्न भूकंपाचा आहे. आयएस १८९३ (२०१६) या भूकंपाच्या मानकात रुग्णालयाचा महत्त्व-गुणांक, म्हणजे भूकंपाचा भार जितक्या पटीने धरायचा तो आकडा, १.५ आहे आणि व्यापारी इमारतीचं डिझाइन १ किंवा १.२ वर झालेलं असतं. विकासकाकडून मूळ स्ट्रक्चरल गणितं मागवून आपल्या सल्लागाराला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका.

उंचीचं त्रांगडं सुटण्यासारखं आहे. स्लॅब ते स्लॅब ३.६ मीटर असेल तर ६०० मिमीच्या बीमखाली ३ मीटर उरतात. त्यातून हवेचा डक्ट नेला की खोटं छत अडीच मीटरवर येतं. थिएटरमधल्या दिव्याचा हात फिरायला तीन मीटर हवेत. थिएटर बीम नसलेल्या गाळ्यात बसवून आणि डक्ट भिंतीकडेने वळवून ते साधता येतं. लिफ्टचं मात्र तसं नाही. तेरा माणसांची नेहमीची लिफ्ट रुंद पण उथळ असते, खोली जेमतेम १.१ मीटर. स्ट्रेचर आत जायला २.४ मीटर खोली लागते. नवीन लिफ्टसाठी स्लॅब कापायला विकासक परवानगी देतो का, हे लेखी घ्यायचं. तोंडी 'बघू' म्हणजे नाही.

आता ज्या एका गोष्टीवर आमचा काटा झुकला ती: संडास-बाथरूमचं सांडपाणी.

व्यापारी मजल्यावर स्वच्छतागृहं लिफ्टजवळ एका जागी असतात. रुग्णालयाला ती प्रत्येक खोलीशी हवीत. शंभर खाटांना चाळीस-पन्नास बाथरूम. त्यातली बरीचशी शाफ्टपासून, म्हणजे पाइप खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीपासून, लांब पडतात. ११० मिमीच्या पाइपला १:४० उतार धरला तर आठ मीटर अंतरात २०० मिमी खाली यावं लागतं. पाइपची जाडी, वर भराव आणि फरशी मिळून आणखी दीडशे. म्हणजे बाथरूमची जमीन साधारण ३५० मिमी उचलावी लागते. सिझर झालेल्या बाईने दोन पायऱ्या चढून बाथरूमला जायचं? चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ चा उतार काढला तर तो सव्वाचार मीटर लांब होतो. खोलीच तेवढी नसते.

दुसरा उपाय कोअर कटिंगचा. स्लॅबला दीडशे मिमीचं भोक पाडून पाइप खाली सोडायचा. बीमला हात लावता येत नाही. स्लॅब पोस्ट-टेन्शन असेल तर ताणलेल्या केबल कुठून गेल्यात ते स्कॅन केल्याशिवाय ड्रिल लावणं म्हणजे इमारतीच्या जिवावर उठणं. हे सगळं जमलं तरी पाइप लटकतो तो खालच्या गाळेधारकाच्या छताखाली. गरम पाण्याने प्लास्टिकचा पाइप फुगतो-आकसतो, स्लॅब तसा हलत नाही, आणि भोवती भरलेलं ग्राउट (फट बुजवायचा गिलावा) कालांतराने सुटतं. मग खालच्या ज्वेलरच्या किंवा क्लासवाल्याच्या छतावर डाग दिसतो. तेव्हा भांडण सुरू होतं.

गळती तरी दिवसा दुरुस्त होते, चोकअप नाही. रुग्णालयाच्या संडासात कापूस, गॉज, सॅनिटरी पॅड, मोठ्यांचे डायपर जातातच, कितीही पाट्या लावा. पाइप साफ करायचं तोंड स्लॅबखाली, म्हणजे खालच्या दुकानात. रात्री दोनला तुंबलं तर शटरला कुलूप आणि मालक मुलुंडला. संडासामागे मॅसरेटर पंप (मैला दळून पुढे ढकलणारा) बसवायचा सल्ला कुणी देईल, पण कापूस आणि पट्ट्या त्याच्या पात्यांना गुंडाळल्या की तो आधी बंद पडतो. त्यात जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे लॅब, थिएटर आणि प्रसूतिगृहाचं द्रव सांडपाणी प्रक्रिया करूनच इतर पाण्यात सोडायचं असतं. म्हणजे प्रत्येक मजल्यावर दोन वेगळ्या वाहिन्या. टॉवरचा शाफ्ट एकाच वाहिनीपुरता आणि शेवटी रहिवाशांच्या एसटीपीला (सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) जोडलेला. यावर सोसायटीची बैठक कशी होईल याची कल्पना करून बघा. हे मोजून दाखवता येणार नाही, पण चालत्या रुग्णालयात मेंटेनन्सवाल्याच्या सर्वाधिक रात्री यातच जातात असं माझं मत आहे.

भूखंडावर हीच गोष्ट नकाशातच मिटते. बाथरूम एकावर एक, तिथली स्लॅब ३०० मिमी खाली बसवलेली, मागे मीटरभर रुंद सर्व्हिस शाफ्ट आणि त्याला प्रत्येक मजल्यावर कॉरिडॉरमधून दार. माणूस आत उभा राहून पाइप उघडतो, वॉर्डला पत्ता लागत नाही. थिएटर, सीएसएसडी (उपकरणं निर्जंतुक करायचा विभाग), औषधांचा साठा आणि सर्व्हर यांच्या डोक्यावर बाथरूम येऊ द्यायचं नाही, एवढं आर्किटेक्टला पहिल्याच बैठकीत सांगा.

भूखंडाची दुखणी कमी नाहीत. येऊरच्या डोंगराच्या बाजूला खोदाईत बेसाल्ट लागतो, खाडीच्या बाजूला चिकणमाती. एकीकडे खडक फोडण्याचा खर्च, दुसरीकडे पाइलिंगचा, म्हणजे जमिनीत खोल खांब उतरवण्याचा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झालंय आणि खाडीकडे सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) आहे. दोन्हींच्या रेषा भूखंडाच्या मोजणी नकाशावर उतरवून बघा, दलालाच्या शब्दावर नको. रस्त्याची बाजूही महत्त्वाची. चुकीच्या कडेला भूखंड असेल तर अॅम्ब्युलन्सला वाघबीळ, पातलीपाडा नाहीतर मानपाड्याच्या पुलाखालून वळसा घालावा लागतो, आणि संध्याकाळी तो वळसा जीवघेणा ठरू शकतो. प्रवेश सेवा रस्त्यावरून मिळाला तर उत्तम.

ऑक्सिजनमध्येही भूखंडाची सरशी होते. हाय-फ्लो कॅन्युला (नाकातून जोरदार प्रवाहाने ऑक्सिजन देणारी नळी) मिनिटाला ६० लिटर ओढते. ७ घनमीटरचा जंबो सिलिंडर पूर्ण ऑक्सिजनवर दोन तासही पुरत नाही. दहा खाटांच्या अतिदक्षता विभागाला द्रव ऑक्सिजनची टाकी हवी. तिला उघडं आकाश, सुरक्षित अंतर आणि टँकर वळेल एवढी जागा लागते. टॉवरच्या पोडियमवर (पायथ्याच्या पसरट मजल्यांवर) ती मिळणं कठीण. पाण्याचंही तसंच. आयएस ११७२ प्रमाणे शंभर खाटांपर्यंत खाटेमागे दिवसाला ३४० लिटर, म्हणजे ३४,००० लिटर. दोन दिवसांचा साठा आपल्या स्वतंत्र टाकीत असावा, रहिवाशांबरोबर वाटून नव्हे.

भूखंडावर सगळं एकदम बांधू नका. पाया आणि खांब सात मजल्यांचे, बांधकाम तळ अधिक दोनचं, चाळीस खाटा. आपत्कालीन विभाग, प्रसूतिगृह, नवजात कक्ष, एक मोठं आणि एक छोटं थिएटर. वरच्या मजल्यांचे शाफ्ट, स्ट्रेचर लिफ्टचा खड्डा आणि ट्रान्सफॉर्मरची खोली मात्र पूर्ण क्षमतेचीच करा. वर बांधकाम चालू असताना खाली धूळ आणि हादरे येतात, म्हणून थिएटर छताखालच्या शेवटच्या मजल्यावर न ठेवता एक मजला खाली ठेवलेलं बरं. खर्च दोन टप्प्यांत थोडा वाढतो, पण रिकाम्या खाटांवरचं व्याज वाचतं.

वीस-पंचवीस खाटांचं प्रसूतिगृह, डायलिसिस किंवा डे-केअर शस्त्रक्रिया एवढंच करायचं असेल तर तयार मजलाच घ्या. तिथे भूखंडाचा हट्ट परवडत नाही. मजला घेताना तळमजला आणि त्यावरचा लगेचचा मजला असा जोड घ्या. खाटा वर, ओपीडी आणि नोंदणी खाली, म्हणजे लटकणारे पाइप तुमच्याच छताखाली राहतील. करारात चार कलमं घालून घ्या: शाफ्टमध्ये चोवीस तास प्रवेश, जनरेटर आणि एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी गच्चीचा ठरावीक भाग, वापर बदलाची मंजुरी आणि अग्निशमन ना-हरकत मिळेपर्यंत भाडं सुरू न होणं, आणि कोअर कटिंगची ठिकाणं दाखवणारा, विकासकाच्या स्ट्रक्चरल सल्लागाराने सही केलेला नकाशा.