वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये फोटो लावावा की रेखाचित्र?

मशीनशेजारी लटकणाऱ्या वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे काम कसं करायचं ते सांगणाऱ्या कागदात, चित्र हवं, यावर आता फारसा वाद नाही. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचं ७.५.२ कलम कागदाचं स्वरूप योग्य असावं म्हणताना ग्राफिक्सचा उल्लेख करतं आणि पुढचं आपल्यावर सोडतं.

फोटो स्वस्त पडतो. मोबाइलवर काढला, एक्सेलमध्ये चिकटवला, झालं. कास्टिंगवरचं ब्लो होल (वायूमुळे पडलेलं छिद्र) किंवा वेल्डिंगचं स्पॅटर (उडून चिकटलेले धातूचे थेंब) कितपत चालेल, हे दाखवायला मीही फोटोच लावतो. रेघांत पोत उतरत नाही. लॉकआउट-टॅगआउटच्या वेळी, म्हणजे दुरुस्तीआधी मशीन बंद करून कुलूप आणि पाटी लावताना, पॅनलवरचा नेमका कोणता आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) बंद करायचा, तेही फोटोत चटकन कळतं.

माझी अडचण वेगळी आहे. फोटोत नको ते सगळं येतं. आमच्याकडे पत्र्याचा पार्ट बसवून तो दाबून धरणारा टॉगल क्लॅम्प कसा लॉक करायचा, याचा फोटो होता. ऑडिटरने क्लॅम्पकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचं बोट गेलं ऑपरेटरच्या हातावर: मोजा कुठे आहे? फोटो बदलला. नव्या फोटोत मागची लाल बिन आली, आणि लाल बिन म्हणजे रिजेक्शन. नवा मुलगा विचारू लागला, काम झाल्यावर पार्ट तिच्यात टाकायचा का? त्याचं काय चुकलं? कागदावर दिसेल ते करायचं, असं आपणच त्याला पहिल्या दिवशी सांगतो.

रेखाचित्रात काढलं तेवढंच दिसतं. पार्टची कड जाड, फिक्स्चर (पार्ट जागेवर धरणारा साचा) बारीक रेघेत, बाण एकच. झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी ते वाचता येतं. फोटोचा तोवर काळा डाग झालेला असतो. क्लॅम्प बदलला तर तेवढ्याच रेघा बदलायच्या. वेळ जास्त लागतो, हे मान्य. पण चित्रकला यावी लागत नाही. इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, फोटो खाली ठेवून वरून गिरवायचं. फक्त हातमोज्याचं चिन्ह मनाने काढू नका. आयएसओ ७०१० या सुरक्षाचिन्हांच्या मानकामधलं निळ्या वर्तुळातलं घ्या.

तुमच्याकडे सतत नवे पार्ट येत असतील आणि गिरवायला कुणाला सवड नसेल, तर अर्थात फोटोच बरा. निदान पार्टच्या मागे पांढरा पुठ्ठा धरा आणि फ्रेममधला पसारा आधी हलवा.