लातूरचा ऑनलाइन स्पॅनिश क्लास आणि वालेन्सियाची फुकटची शाळा, दोन्हीचा रिव्ह्यू

मी स्पेनमधल्या वालेन्सिया शहरात राहते, सध्या महिनाभर सुट्टीला लातूरला आलेय आणि रोज कुणी ना कुणी विचारायलंय की स्पॅनिश कुठं शिकलीस, कोणता क्लास लावावा, फी किती. नात्यातली एक पोरगी नांदेडहून सप्टेंबरात तिकडं मास्टर्स करायला चाललीय, तिच्या आईचे तर दिवसाला दोन फोन. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी ऑनलाइन क्लास. नाव घेत नाही. साडेबारा हजार फी, तीन महिने, आठवड्यातून तीन संध्याकाळी. सर वेळेवर यायचे, नोट्स चांगल्या होत्या, तेवढं मान्य. पण शिकवलं ते सगळं मेक्सिकोकडचं स्पॅनिश आणि हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. ज्यूसला ‘हुगो’ शिकलेलो, वालेन्सियात ‘थुमो’ म्हणतात, बटाट्याला ‘पापा’ शिकलेलो, तिथं ‘पाताता’, म्हणजे जवळजवळ आपला बटाटाच की. कॉम्प्युटर वेगळा, कार वेगळी, ग्रासियासचं, म्हणजे थँक्यूचं, ग्राथियास. आणि सगळ्यात महत्त्वाचं ‘वोसोत्रोस’, म्हणजे ओळखीच्या चारचौघांना ‘तुम्ही लोक’ म्हणायचं ते, स्पेनमधे उठता-बसता लागतं, ते सरांनी परीक्षेला येत नाही म्हणून सोडूनच दिलेलं. वरच्या मजल्यावरची आजी मला आणि नवऱ्याला मिळून काही विचारायची तर क्रियापदच ओळखू यायचं नाही, नुसतं हसून वेळ मारून न्यायची, आणि ती बिचारी जेवायला या म्हणत होती हे मला दोन महिन्यांनी कळलं. तर क्लास लावताना पहिला प्रश्न हाच विचारा, स्पेनचं शिकवता का लॅटिन अमेरिकेचं. फी नंतर.

दुसरं, सगळं इंग्रजीतून शिकवलं. ‘मे गुस्ता’, म्हणजे ‘मला आवडतं’, हे समजवायला सरांनी दोन तास घालवले कारण इंग्रजीत ती रचनाच नाही. अहो पण आपल्यात आहे ना! मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद आंब्याप्रमाणं बदलतं, माझ्याप्रमाणं नाही, जसंच्या तसं मराठी. ‘मी घर बघते’ पण ‘मी मुलीला बघते’, माणूस आला की आपण ‘ला’ लावतो, ते लोक माणसाच्या आधी ‘आ’ लावतात, इंग्रजीवाले याच्यावर महिनोनमहिने अडतात म्हणे. त आणि द सुद्धा आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकवून. मराठी पोरांना इंग्रजीच्या वळणानं नेऊन उगाच अवघड करून ठेवलंय हे सगळं, मला याचा खरंच राग येतो.

आता शाळेचं. वालेन्सियात मोठ्या माणसांसाठी सरकारी शाळा असतात, तिथं बाहेरून आलेल्यांना स्पॅनिश शिकवतात. माझी घरापासून दहा मिनिटांवर, आठवड्यातून दोन सकाळी दोन-दोन तास, फी शून्य, वही-पेन आपलं. बाईंना सगळे ‘प्रोफे’ म्हणतात, वय झालेल्या आहेत पण आवाज कसा खणखणीत. वर्गात युक्रेनच्या दोघी, सेनेगलचा एक मुलगा, मोरोक्कोची एक ताई आणि लाहोरची एक, तिच्याशी माझं मस्त आपल्या दखनी हिंदीत चालायचं.

प्रोफेंची पद्धत म्हणजे होमवर्क वहीत नाही, बाहेर. पहिल्याच आठवड्यात सांगितलं, बाजारात जा आणि टोमॅटो घेऊन या. सोपं वाटलं ना? तिथं भाजीच्या गाळ्यापुढं लाईन नसतेच, बायका कुठंही उभ्या, मी वीस मिनिटं थांबले, मागून येणारी प्रत्येक बाई माझ्या आधी भाजी घेऊन गेली. परत आले तर प्रोफे म्हणाल्या, गेल्या-गेल्या मोठ्यानं विचारायचं, ‘किएन एस ला उल्तिमा?’, म्हणजे शेवटची कोण. कुणीतरी हात वर करतं, तिच्यामागं तुझा नंबर. दुसऱ्या दिवशी गेले, विचारलं, एका म्हातारीनं पिशवी वर केली, ‘यो!’ झालं. दवाखान्यात, बेकरीत, सगळीकडं हेच. तीन महिन्यांच्या कोर्समधे हे एक वाक्य नव्हतं.

एक दिवस ‘फुलानो’ शब्द आला आणि मोरोक्कोची ताई, लाहोरवाली आणि मी तिघी एकदमच हसलो. आपला फलाणा तो! मूळ अरबी. तिकडं अरबांची सत्ता होती, आपल्याकडं निजामाची १९४८ पर्यंत, त्यामुळं मराठवाड्याच्या माणसाला असे शब्द पटकन लागतात. नारांखा म्हणजे नारंगी, आथुकार म्हणजे साखर.

आणि एका गुरुवारी प्रोफे आम्हाला कॅथेड्रलच्या दारात घेऊन गेल्या. दुपारी बारा वाजता तिथं पाण्याचं न्यायालय बसतं, शेकडो वर्षं चालत आलेलं, २००९ पासून युनेस्कोच्या यादीत. काळे अंगरखे घातलेले आठ शेतकरी, एकेक पाटाचा एकेक प्रतिनिधी, आणि पाण्याचं भांडण असेल तर तोंडीच ऐकून तिथंच निकाल. त्या दिवशी तक्रारच नव्हती, पाटांची नावं पुकारली आणि पाच मिनिटांत उठले. बोलणं वालेन्सियानोत, ती वेगळी भाषा, मला फारसं कळलं नाही. पण माझ्या सासऱ्यांची औशाकडं जमीन आहे, एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी इथं घागरी घेऊन उभी होते. ते मी वर्गात मोडक्यातोडक्या स्पॅनिशमधे सांगितलं, पहिल्यांदाच सलग पाच मिनिटं बोलले. प्रोफेंनी एकदाही मधे चूक काढली नाही.

कमी बाजू पण सांगते. वर्गात पंचवीस जण, कुणाला लिहिता येतं कुणाला नाही, त्यामुळं व्याकरण हळू सरकतं. जागा लवकर भरतात, सप्टेंबर चुकला तर वेटिंग. मराठी-इंग्रजी कुणाला येत नाही, पहिला महिना डोकं दुखतं. तरी पाचपैकी साडेचार.

ऑनलाइनला अडीच, तेही नोट्ससाठी. सर्टिफिकेट पाहिजे असेल तर दिल्लीच्या इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेन सरकारच्या संस्थेत डेले ही स्पॅनिशची परीक्षा होते, ते सर्टिफिकेट एक्स्पायर होत नाही, जायच्या आधी ए-वन, म्हणजे सगळ्यात पहिली पातळी, दिली तरी बरं. आणि तिकडं गेल्यावर आधी नगरपालिकेत पत्त्याची नोंद करा, त्याला एम्पाद्रोनामिएन्तो म्हणतात, घराचा करार आणि पासपोर्ट लागतो. अपॉइंटमेंट घेऊन जा, तिला ‘थिता प्रेविया’ म्हणतात, हा शब्द इथूनच पाठ करून निघा. मी २० तारखेपर्यंत लातुरातच आहे, कागदांचं काही विचारायचं असेल तर विचारा.