मिनेसोटातले ई-पुलटॅब: खेळून बघितले, आवडले
मिनियापोलिसला घराजवळच्या बारमध्ये ई-पुलटॅब खेळून आलो, म्हणजे पट्ट्या ओढून बक्षीस लागलं का बघायच्या कागदी जुगार-तिकिटाचा टॅबलेटवरचा अवतार. काउंटरवर पैसे दिले की टॅबलेट हातात देतात, स्क्रीनवर तिकीट घ्यायचं आणि एकेक ओळ बोटाने उघडायची. हेच मला सगळ्यात भारी वाटलं, कारण आधी एका टॅपमध्ये सगळ्या ओळी उघडायच्या आणि ते थेट स्लॉट मशीनसारखं व्हायचं, मग २०२३ च्या कायद्याने ते १ जानेवारी २०२५ पासून बंदच केलं. खेळ हळू झाला म्हणून काहीजण वैतागलेत, पण बरंच झालं की! लायसन्स बारचं नसतं, सेवाभावी संस्थेचं असतं, आणि खर्च-टॅक्स जाऊन उरलेला पैसा मुलांच्या हॉकीसारख्या कामांनाच लावावा लागतो. टॅक्स मात्र जबरी आहे, २०१२ ला हे सुरूच केलं ते वायकिंग्ज या अमेरिकन फुटबॉल टीमच्या स्टेडियममधला सरकारी वाटा काढायला.

तक्रार एकच, पैसे कुठल्या संस्थेला जातायत ते नाव कोपऱ्यातल्या बोर्डवर एवढ्या बारीक अक्षरात होतं की शोधावं लागलं. टॅबलेटच्या पहिल्याच स्क्रीनवर ते ठळक टाका ना! बाकी स्टाफ मस्त, सगळं नीट समजावून सांगतात. जाणार असाल तर किती खर्च करायचा ते घरूनच ठरवून जा.